हरलेल्या फौजेचा रंग

मागच्या गणपतीत मी एका रात्रीत चोवीस माणसांचा धर्म, मुलूख आणि शतक बदलून टाकलं.

माणसं धातूची होती. जेमतेम दीड सेंटिमीटर उंच. संध्याकाळपर्यंत ती अडगावच्या लढाईत, २९ नोव्हेंबर १८०३ रोजी, नागपूरकर भोसल्यांच्या बाजूने लढलेली अरब शिपायांची तुकडी होती. सकाळी त्यांच्या डोक्यावर भगवे फेटे होते आणि ती 'मावळे' झाली होती. मला कोणी धमकी दिली नव्हती. चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला, विनंती केली. मी ब्रश उचलला.

हा लेख त्या रात्रीबद्दल आहे. यात काय एवढं बिघडलं, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मला भांडायचं आहे. त्या रात्री मीही त्यांच्यातलाच एक होतो, त्यामुळे निम्मं भांडण माझं माझ्याशी आहे.

आधी छंद समजावून सांगतो. मी वरूडचा. इंजिनिअरिंग अमरावतीला, नोकरी पुण्यात, आणि वर्षातले काही महिने लॅपटॉप घेऊन घरी. दिवसभर कोड लिहितो. रात्री छोटे शिपाई रंगवतो. या छंदाला मिनिएचर वॉरगेमिंग म्हणतात. इतिहासातली एखादी खरी लढाई निवडायची, टेबलावर तिचं मैदान उभं करायचं, दोन्ही बाजूंच्या फौजा मांडायच्या आणि मोजपट्टी, फासे आणि नियमांचं पुस्तक घेऊन दोघांनी ती लढाई पुन्हा खेळायची. प्रशियाच्या लष्करात राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये असा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी आणला. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये घरातल्या फरशीवर खेळायचे नियम पुस्तकात छापले. आणि हत्ती, घोडे, रथ, पायदळ पटावर मांडून लढाई खेळायची कल्पना तर आपल्याकडे चतुरंगापासून आहे. त्यामुळे 'हे काय इंग्रजांचं खूळ' असं म्हणणाऱ्यांनी एकदा बुद्धिबळाच्या पटाकडे बघावं.

पण खेळण्याआधी रंगवावं लागतं, आणि खरा वेळ तिथेच जातो. प्रायमर, बेस कोट, मग पातळ काळपट रंगाचा वॉश, तो सुरकुत्यांत उतरला की वरच्या उंचवट्यांवर फिका रंग, शेवटी वॉर्निश. एका शिपायाला पाऊण तास धरा. माझी अडगावची फौज, दोन्ही बाजू मिळून, तीनशे बारा शिपायांची आहे. तिला दीड वर्ष लागलं. आईने सुरुवातीला विचारलं होतं, "हे इकतं काय तू?" विकत नाही म्हटल्यावर तिने विषय सोडला.

ऐतिहासिक फौजा रंगवणाऱ्यांचा एक अलिखित कायदा असतो. शिपायाच्या अंगावर जे होतं तेच रंगवायचं. तुम्हाला आवडतं ते नाही. अडगावला वेलस्लीकडे दोन स्कॉटिश रेजिमेंट होत्या, ७४ वी आणि ७८ वी. ७८ व्या रेजिमेंटच्या लाल कोटाची कॉलर आणि बाह्यांची टोकं फिकट पिवळसर, ७४ व्यांची पांढरी. दीड सेंटिमीटरच्या माणसाची कॉलर हातभर अंतरावरून कुणालाही दिसत नाही. तरी ती चुकली तर या छंदातली माणसं तुम्हाला सोडत नाहीत. मला हा कायदा मनापासून आवडला होता. मशीनला जसं 'चालतंय ना, मग राहू दे' सांगता येत नाही, तसंच इथेही.

अडगाव मला कसं सापडलं ते सांगायला लाज वाटते. एका इंग्रजी पुस्तकात 'अरगाम' नावाच्या लढाईचा नकाशा होता. मला वाटलं, कर्नाटकात असेल. नकाशात शेजारी सिरसोली नावाचं गाव दिसलं आणि मी थबकलो. हे नाव आपल्याकडचं. फोनवर शोधलं तर अरगाम म्हणजे अकोला जिल्ह्यातलं अडगाव, अकोटच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याकडे. माझ्या चुलत आत्याचं सासर तिथून फार लांब नाही. इंजिनिअर झालो, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मित्रांसोबत राहिलो, सनावळ्या पाठ झाल्या. पण माझ्या जिल्ह्याशेजारी झालेली लढाई मला परदेशी खेळाच्या पुस्तकातून कळली. गाविलगडाचं तेच. बर्नार्ड कॉर्नवेल नावाच्या इंग्रज लेखकाने गाविलगडाच्या वेढ्यावर १९९९ मध्ये आख्खी कादंबरी लिहिली. ती वाचून तिकडचे लोक गाविलगडाचे दरवाजे आणि तट रंगवतात. आपण चिखलदऱ्याला जातो, गडावर सेल्फी काढतो, भुट्टा खातो आणि परत येतो.

आता त्या लढाईत काय पणाला होतं ते बघा. सप्टेंबर १८०३ मध्ये असईला वेलस्लीने शिंदे आणि भोसल्यांच्या एकत्र फौजेला हरवलं होतं. दोन महिन्यांनी अडगावला शिंद्यांचे घोडेस्वार आणि भोसल्यांची फौज पुन्हा उभी राहिली. भोसल्यांच्या फौजेची सूत्रं राजा रघुजींच्या भावाकडे होती. लढाई दुपार कलल्यावर सुरू झाली. कंपनीची फौज सिरसोली गावाजवळून पुढे येत असताना आपल्या तोफांनी असा मारा केला की तिच्या तीन देशी पलटणी मोडून मागे पळाल्या. वेलस्लीला स्वतः पुढे होऊन त्यांना सावरावं लागलं. त्यानंतर मात्र लढाई फिरली. संध्याकाळी आपली फौज विखुरली, अडतीस तोफा गेल्या आणि चांदण्यात कित्येक मैल पाठलाग झाला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग तिथेच लढताना मेला. आणि १७ डिसेंबर १८०३ ला देवगावचा तह झाला.

या तहाने भोसल्यांनी कटक सोडलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. तो निजामाकडे गेला. वरूड वर्धा नदीच्या पश्चिमेला आहे. म्हणजे माझ्या गावाचं पुढचं अर्धं शतक कोणाच्या अमलात जाणार, त्याचा निकाल अडगावच्या त्या एका संध्याकाळी लागला. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला, तोही त्याच वाटेने. नदीच्या पलीकडचा नागपूर प्रांत आणि अलीकडचा वऱ्हाड वेगळे का, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी अडगावपासून सुरुवात करावी.

कंपनीच्या बाजूचे मेलेले आणि जखमी साडेतीनशेच्या आसपास. त्यांची रेजिमेंटवार नोंद आहे. आपल्या बाजूचे किती मेले, त्याचे फक्त अंदाज आहेत, आणि तेही समोरच्याने केलेले. जिंकणाऱ्याने स्वतःची माणसं मोजली. आपली कोणी मोजली नाहीत. म्हणून मी ही फौज रंगवायला घेतली. मोजता येत नाहीत तर निदान ती कोण होती ते तरी नीट दाखवू, एवढाच विचार होता.

ती कोण होती? इथेच गोची आहे. मराठा फौज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक चित्र येतं. भगवा फेटा, पांढरा अंगरखा, कमरेला तलवार, हातात ढाल. सगळे सारखे. सिनेमात तेच, मालिकेत तेच, मोबाईलच्या वॉलपेपरवर तेच. १८०३ ची फौज अशी नव्हती. घोडेस्वारांना गणवेशच नव्हता. शिलेदार स्वतःचं घोडं आणि स्वतःचं हत्यार घेऊन यायचा, अंगावर घरचे कपडे. बारगीर सरकारी घोड्यावर. शिंद्यांचे कवायती कंपू सॅव्हॉयच्या द बॉयने याने घडवले, आणि त्यातले बरेचसे शिपाई उत्तर हिंदुस्थानातले पुरबिये. असईला शिंद्यांच्या कवायती पायदळाचा प्रमुख पोलमन नावाचा जर्मन होता. आणि अडगावला पायदळाची जी तुकडी ७४ व्या आणि ७८ व्या रेजिमेंटवर सरळ चालून गेली आणि जवळजवळ सगळी कापली गेली, ती परदेशी शिपायांची होती. वेलस्लीने त्यांना इराणी म्हटलं, नंतरच्या इतिहासकारांनी अरब. त्या काळी नागपूरपासून हैदराबादपर्यंत दरबारांच्या पदरी अरब होतेच, म्हणून मी अरब रंगवले. कमरेला जंबिया, हातात लांब तोड्याची बंदूक, निळीत बुडवलेली आणि चौकड्यांची कापडं. इराणी की अरब, यावर माझ्याशी वाद घाला, मी ऐकून घेईन. भगव्या फेट्यांचे मावळे होते, असं मात्र कोणत्याच साक्षीदाराने लिहिलेलं नाही.

आणि समोरची बाजू? लाल कोटातली बहुतेक माणसं इंग्रज नव्हतीच, मद्रास इलाख्यातले देशी शिपाई होते. सोबत म्हैसूरचे घोडेस्वार, निजामाचे घोडेस्वार. १८०२ च्या वसईच्या तहानंतर पेशवा इंग्रजांच्या बाजूला होता, त्यामुळे त्या मोहिमेत वेलस्लीच्या छावणीत मराठा घोडेस्वारही होते. म्हणजे त्या वर्षी मराठे दोन्हीकडे होते. सगळ्या मराठ्यांना भगवं रंगवायचं ठरवलं तर वेलस्लीच्या घोडदळाचं काय करणार?

तर गणपती. आमच्या मंडळाने 'मराठ्यांचा पराक्रम' असा देखावा ठरवला. माझी फौज आमच्या शोकेसमध्ये बघितलेल्या कोणीतरी नाव सुचवलं. मी हरखलो. तीनशे बारा शिपाई, सहा बाय चार फुटांचं मैदान. अडगावहून एका रविवारी मुद्दाम आणलेली काळी माती चाळून मी शिपायांच्या पायाखाली चिकटवली होती. देखाव्याच्या आदल्या दिवशी अध्यक्ष भाऊ बघायला आले. टॉर्च मारून मारून बघितलं.

"लय भारी रंगवलं बे इंजिनिअर. पण मले एक सांग, हे लुंगीवाले कोन हायेत?"

"अरब हायेत भाऊ. भोसल्यायच्या फौजेतले."

"अरब? आपल्या फौजेत? अन् मंग शेवटी कोन जिकते?"

"वेलस्ली."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग चहा मागवला. रागावले नाहीत, उलट मलाच समजावत होते. "हे पाय, तू शिकेल मानूस, तुले सगळं मालूम हाय. पन येनारी पोरं शाळेतली. हरल्याचा कुठं देखावा असते काय? अन् त्या चोवीस जनाले भगवे फेटे मारून दे. कोनाले कळते?"

मी रात्री दोनपर्यंत बसलो. निळीवर भगवा चढायला तीन हात लागतात. चौकड्या आधी पांढऱ्याने बुजवाव्या लागल्या. जंबिया तशाच राहिल्या, त्यांच्याकडे कोणी बघणार नव्हतं. सकाळी लाल कोटातले काही शिपाई आडवे पाडले आणि आपली फौज सिरसोलीपर्यंत पुढे सरकवली. दहा दिवस आम्ही अडगाव जिंकत होतो.

तिसऱ्या दिवशी पाचवी-सहावीतली एक मुलगी काठावर हनुवटी टेकवून बराच वेळ बघत होती. तिने विचारलं, "दादा, हे शिवाजी महाराजायचे मावळे हायेत काय?"

मी म्हणालो, "हो."

सव्वाशे वर्षांचं अंतर मी एका शब्दात मिटवलं. ती खूश होऊन गेली. अडगाव हे नाव तिने ऐकलंच नाही. मला ज्या अज्ञानाची लाज वाटत होती, ते मी स्वतःच्या हाताने, तीन कोट देऊन, पुढच्या पिढीला पोचवलं.

आता अध्यक्ष भाऊंच्या म्हणण्याकडे येऊ. ते म्हणणं त्यांचं एकट्याचं नाही, तुमच्यापैकी अनेकांचं आहे, आणि ते मूर्खपणाचं नाही. त्यात तीन मुद्दे आहेत.

पहिला, हरल्याचा देखावा नसतो. असतो की. पानिपत आपण किती वेळा मांडतो? पानिपतावर आपण कादंबऱ्या वाचतो, सिनेमे बघतो, रडतो. तेव्हा पराभव ही आपली अडचण नाहीच. अडचण ही आहे की अडगावला भाऊसाहेब नाही, विश्वासराव नाही. तिथे फक्त शिपाई आहेत, ज्यांची नावंही टिकली नाहीत. नायक नसेल तर आपल्याला पराभवसुद्धा नको असतो.

दुसरा, अरब आपले कसे? पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याकडे होता, हे आपण अभिमानाने सांगतो. मग अडगावच्या अरबाला वेगळा नियम का? तो पगारासाठी लढत होता, हे खरं. पण आपला शिलेदार फुकट लढत होता का? आणि १८१७ ला नागपुरात काय झालं ते आठवा. सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या स्वाधीन झाले. राजाने हत्यार ठेवल्यावरही शहरातल्या अरबांनी ठेवलं नाही. ते त्यानंतरही कित्येक दिवस वाड्याभोवती लढत राहिले. त्यांना मावळे म्हणा, असं मी म्हणत नाही. ते जे होते तेच त्यांना राहू द्या, एवढंच म्हणतो. एखाद्या मेलेल्या माणसाचं श्रेय त्याचा चेहरा पुसून आपल्या खात्यावर घेणं याला आपण दुसऱ्या कुठल्याही व्यवहारात चोरी म्हटलं असतं.

तिसरा मुद्दा सगळ्यात अवघड. पोरांना प्रेरणा हवी. मला वाटतं, आपण पोरांना फार कमी लेखतो. ती मुलगी बराच वेळ बघत उभी होती. तिला मी सांगितलं असतं की हे लोक तुझ्या वऱ्हाडात लढले, हे येमेनहून आले होते, हे अवधहून, हे इथलेच. यांच्या तोफांनी तीन पलटणी पळवल्या आणि तरी ते हरले. आणि म्हणून तुझं गाव निजामाकडे गेलं. तिने दहा प्रश्न विचारले असते. 'तोफा चांगल्या होत्या तर हरले कसे?' हा त्यातला पहिला असता. या प्रश्नाचं उत्तर शोधायला एक आयुष्य पुरतं. 'आपण जिंकलो' या वाक्यानंतर विचारायला काही उरत नाही.

मी पहिलाच नाही, आणि हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. विल्यम सिबोर्न नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३० पासून वॉटर्लूच्या लढाईचं प्रचंड मॉडेल करायला घेतलं. त्याने मैदानाची मोजणी केली. लढाईतल्या अधिकाऱ्यांना शेकडो पत्रं पाठवून विचारलं की संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी नेमकी कुठे होती. उत्तरांवरून हजारो छोटे शिपाई मांडले. त्यात प्रशियन फौज लढाईत मोठ्या संख्येने पोचलेली दिसत होती. विजयाचं श्रेय वाटलं जात होतं, आणि ते ड्यूक ऑफ वेलिंग्टनला रुचलं नाही. सरकारने हात आखडता घेतला, सिबोर्न कर्जात बुडाला. १८३८ मध्ये लंडनमध्ये मॉडेल लोकांसमोर आलं, पण पुढे सिबोर्नने नमतं घेतलं आणि प्रशियन कमी केले. ते मॉडेल आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

हा वेलिंग्टन कोण? अडगाव जिंकलेला आर्थर वेलस्लीच. ज्या माणसाने आपल्याला हरवलं, त्यालाही टेबलावरच्या छोट्या शिपायांचा रंग आणि जागा सहन झाली नाही. सिबोर्नपुढे निदान एक ड्यूक होता, सरकार होतं, कर्ज होतं. माझ्यापुढे फक्त एक कप चहा होता.

आता छंदातल्या माझ्या दोस्तांशीही थोडं भांडतो, नाहीतर सगळा दोष गावाला दिल्यासारखं होईल. मी जे नियम वापरतो त्यात प्रत्येक तुकडीला मनोधैर्याचा आकडा असतो. मारा झाला की फासा टाकायचा, आकडा जमला नाही तर तुकडी पळते. माझ्या पुस्तकात कंपनीच्या शिपायांचा आकडा चांगला आणि भोसल्यांच्या पायदळाचा वाईट. इतका वाईट की पहिल्या दोन डावांत ते पळतातच. पण खऱ्या अडगावात आधी कोण पळालं? कंपनीच्या तीन पलटणी. त्याच पलटणी असईला उत्तम लढल्या होत्या. आणि मरेपर्यंत कोण चाललं? ती अरब तुकडी. नियम लिहिणाऱ्याने निकाल आधी बघितला आणि मग आकडे लिहिले. आमच्या धंद्यात याला उत्तर कोडमध्येच लिहून ठेवणं म्हणतात, आणि असा कोड पास करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी शिव्या बसतात. मंडळाने भगवा लावून आपल्याला जिंकवलं, पुस्तकाने आकडा लावून आपल्याला हरवलं. दोघांनीही त्या संध्याकाळी मैदानात काय घडलं हे विचारायची तसदी घेतली नाही. मी आता घरी ते आकडे बदलून खेळतो. तरी बहुतेक वेळा वेलस्लीच जिंकतो, पण त्याला घाम फुटतो.

'युद्धाचा खेळ करणंच वाईट' असंही काही मित्र म्हणतात. ज्या हाताने चोवीस माणसांना एकेक करून डोळे, दाढी, कमरपट्टा दिला, त्या हाताला त्यांची तुकडी उचलून पेटीत ठेवताना काय वाटतं ते मी त्यांना करून बघायला सांगतो. तीनशे बाराच होते म्हणून मी पूर्ण करू शकलो. खरे हजारो होते.

आणि 'आपल्याकडे हे चालत नाही, आपल्या लोकांना खरे रंग नको असतात' असं मला सांगू नका. आपल्याकडे तान्हा पोळा आहे. वऱ्हाड-नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात. लहानपणी माझा बैल आबाजींनी रंगवला होता. मी त्याला लाल रंग मागितला. आबाजी म्हणाले, "लाल बैल कधी पायला काय तू?" मग त्यांनी आमच्या गोठ्यातल्या बैलासारखा पांढरा, मानेवर करडी झाक असलेला रंगवला. डाव्या शिंगाचं टोक तुटलं होतं, तेही लाकडात कोरलं. कारण तो बैल त्यांच्या ओळखीचा होता. ओळखीचा बैल मनाला येईल तसा रंगवता येत नाही. आपण अडगावच्या शिपायांना एकाच रंगात बुडवतो कारण त्यांच्याशी आपली ओळखच नाही.

भगवा अडगावला नव्हता असं मी म्हणत नाही. होता. निशाणावर होता. माझ्या फौजेतही निशाण भगवंच आहे, आणि ते मी सगळ्यात जास्त जपून रंगवलं. पण त्या निशाणाखाली उभ्या असलेल्या माणसांची अंगं वेगवेगळ्या रंगांची होती. सगळ्यांना एकच रंग दिला तर मधलं निशाण उठूनच दिसत नाही. विश्वास नसेल तर रंगवून बघा.

गणपती गेल्यावर मी चोवीस जण डेटॉलमध्ये बुडवले. धातूच्या शिपायांचा रंग काढायचा हा जुना उपाय आहे. दोन दिवसांनी टूथब्रशने घासलं की भगवा, त्याखालचा पांढरा, त्याखालची माझीच निळी, सगळं सायीसारखं निघून येतं. पुन्हा प्रायमर मारला. या वेळी सहा आठवडे लागले, कारण चौकड्या पहिल्यापेक्षा बारीक काढल्या. घरात अजून डेटॉलचा वास येतो असं आई म्हणते.

यंदा देखाव्याचा विषय दुसरा आहे, माझी फौज कोणी मागितलेली नाही. मी अध्यक्ष भाऊंकडे जाऊन सांगितलं की मंडपाबाहेर एक टेबल द्या, मी स्वतः दहा दिवस उभा राहतो. पाटीवर लिहिणार आहे: अडगाव, २९ नोव्हेंबर १८०३, आपण हरलो ती लढाई. भाऊ हसले. "कोन येईन बे पाहाले?" म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत. टेबल मिळालं तर ती मुलगी येईल का, ते मला माहीत नाही. आली तर तिला आधी सांगायचं आहे की मागच्या वर्षी मी खोटं बोललो होतो.

आणि तुम्ही, जे हे बसमध्ये किंवा झोपायच्या आधी फोनवर वाचताय, तुमच्याही जिल्ह्यात एक हरलेली लढाई आहे. तिथे कोण कोण होतं ते शोधा. रंगवता येत नसेल तर नुसती यादी करा. यादीत तुम्हाला न आवडणारं नाव आलं तर ते खोडू नका.